पाच नंबर गेट

९ जानेवारी २०१७

पाच नंबर गेट बंद! सकाळीच नोटीस लागली, खाली कारखान्याच्या नगर प्रशासनाचा शिक्का. गाड्या अजिबात नाहीत. पायी जायचं तर पास. टाऊनशिपच्या रिकाम्या क्वार्टरांमधून नळ आणि वायरी चोरीला जातात म्हणून. चोर कोण? तर दीवारपारचे! आमच्या वस्तीला सगळे हेच म्हणतात. भिंतीच्या त्या बाजूला रुंद रस्ते, बाग, शाळा, हॉस्पिटल. या बाजूला आम्ही.

नोटीस चिकटवली अरविंदनेच. (कागदावर नाव लिहिते. तोंडाने अजून घेतलेलं नाही.) गेटवरचा गार्ड तोच. कारखान्याचा नव्हे, ठेकेदाराचा. मामंजी नागपूरहून येऊन या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि इथूनच रिटायर झाले. अरविंद त्या क्वार्टरांत खेळून मोठा झाला. आता तिथेच पास बघतो.

म्हटलं, "अहो, अँब्युलन्स कशी येणार?"

"मला विचारून नोटीस काढली का?"

खरं आहे. पण मग कोणाला विचारायचं? दुसऱ्या बाजूला नाला. पुलाचं काम अर्धवट सोडलेलं. तिकडून ऑटो कसाबसा निघतो, मोठी गाडी नाही. मी वस्तीची आशा कार्यकर्ती झाले तेव्हापासून वस्तीतलं प्रत्येक बाळंतपण याच गेटातून गेलंय.

१२ जानेवारी

फूलवतीकडे गेले होते. टीकमगढकडची. नवरा हरिराम कारखान्यात ठेक्यावर, लोखंडी पत्रे उचलतो. दोन मुली आहेत, आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, आठवा लागलाय. चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. पाय बघितले — सुजलेले. बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"दीदी, पैर मोटे हो गए, मैं तो नहीं हुई!" आणि हसत सुटली. हसली की तोंडावर पदर घेते.

मला हसू आलं नाही. बीपी बघायचं होतं, पण माझ्या मशीनचा पट्टा दिवाळीपासून फाटलेला. दर मीटिंगला सांगते. "आ जाएगा." कधी येणार ते कोणी सांगत नाही. शेवटी नसरीन बाजींना फोन केला. त्या पलीकडच्या वस्तीच्या आशा. त्यांचं मशीन चालतं. मंगळवारी लसीकरणाला घेऊन या म्हटलं.

१५ जानेवारी

सासूबाई टाऊनशिपच्या गणपती मंदिरात भजनाला निघाल्या. गेटवर सुपरवायझर उभा. अरविंदला आईकडे पास मागावा लागला! सासूबाईंकडे कुठला पास? परत आल्या. तिळाच्या वड्यांचा डबा तसाच हातात. अरविंद जेवला नाही.

१७ जानेवारी

बीपी खूप जास्त. बाजींनी दोनदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एएनएम दीदी, म्हणजे नर्स, तीन वस्त्यांना एकटी — बाकीच्या जागा रिकाम्याच. मुलं रडतायत, आया भांडतायत. कार्डावर लाल खूण केली आणि म्हणाली, "कल के कल बड़े अस्पताल ले जाओ. भर्ती करवाओ."

फूलवती म्हणते, "भर्ती? और बच्चियाँ?"

१९ जानेवारी

काल तयार नव्हती. हरिरामशी बोलले, त्याने समजावलं, तेव्हा आज निघाली. शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. चिठ्ठीची लाईन, मग डॉक्टरची लाईन, मग लघवी तपासायची लाईन. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. तरुण डॉक्टरीण भली होती, बिचारी उभ्या उभ्या बिस्किट खात होती. म्हणाली भरती व्हा. वॉर्डात नेलं तर एका खाटेवर दोघीदोघी! फूलवती दारातूनच मागे फिरली.

"दीदी, मैं यहाँ नहीं रहूँगी. बच्चियाँ किसके पास सोएँगी? इनकी रात पाली है."

मी विनवलं, रागावले. दोन मुली माझ्याकडे ठेवते म्हटलं. ऐकलं नाही. गोळ्या घेऊन परतलो. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

टाऊनशिपचं हॉस्पिटल आमच्या वस्तीवरून दिसतं. पिवळी इमारत, पुढे हिरवळ. वॉर्ड अर्धे रिकामे, कारण कारखान्याची माणसंच कमी झाली. पण कारखान्याचं कार्ड असेल त्यांनाच घेतात. हरिराम पत्रे त्यांचेच उचलतो, पण कार्ड नाही. ठेक्याला कार्ड नसतं.

२४ जानेवारी

गोळ्या घेते म्हणते. आज सूज जरा कमी वाटली. की मलाच तसं वाटतंय?

२८ जानेवारी

आज हिंमत केली. टाऊनशिपच्या सुरक्षा ऑफिसात गेले. चौहान साहेब. बसा म्हणाले, चहा पण मागवला. सगळं सांगितलं — एक बाई आहे, कधीही गाडी लागेल, निदान अँब्युलन्सपुरतं गेट उघडा.

"मैडम, आपकी बस्ती टाउनशिप में नहीं आती."

"पर रास्ता तो यही है, सर."

"रास्ता नगर निगम देगा."

तिथून वॉर्ड ऑफिस. तिथला बाबू म्हणाला, नाल्यापर्यंतची जमीन कारखान्याची, आम्ही पूल कसा करणार? म्हणजे आम्ही टाऊनशिपच्याही बाहेर आणि शहराच्याही! मतदान मात्र करतो.

घरी आले तर अरविंदचा चेहरा उतरलेला. चौहान साहेबांनी ठेकेदाराला विचारलं म्हणे — "गार्ड की बीवी शिकायत करती घूमती है?"

"तुला जायचं होतं तर मला विचारायचं."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

मग जेवताना म्हणाला, "गाडी आली तर मी उघडीन. सुपरवायझर काय म्हणायचं ते म्हणेल." तेवढ्यावर मला झोप लागली.

३ फेब्रुवारी

फूलवती गेली. मुलगी झाली, ती आहे.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते. नाहीतर डोक्यात फिरतच राहतं.

शुक्रवारी दुपारी शेजारची बाई धावत आली. फूलवती मोरीत पडलीय. गेले तर झटके येत होते. डोळे वर, तोंडातून फेस, दातांत जीभ. कुशीवर वळवलं. फोन केला. गाडी लवकर आली, ड्रायव्हरला दोष देणार नाही. सायरन ऐकू आला तेव्हा वाटलं, वाचली.

पण गाडी गेटच्या त्या बाजूला, आणि गेटला साखळी! नेहमी पायी जाणाऱ्यांसाठी बाजूचं छोटं दार असतं, तेही बंद. दिल्लीहून कोणी मोठे साहेब पाहणीला आले होते. सकाळीच सगळ्या चाव्या कंट्रोल रूमने मागवून घेतलेल्या.

आम्ही चौघीजणींनी तिला खाटेवर घालून गेटपर्यंत आणलं. या बाजूला खाट. त्या बाजूला गाडी, दार उघडं, आत स्ट्रेचर. मध्ये गेट, आणि पलीकडून गजांना धरून अरविंद. मोबाईलवर ओरडत होता, "साहब, डिलीवरी का केस है! औरत मर जाएगी!" पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या तोंडावरच दिसलं. दिल्लीच्या साहेबांच्या गाड्यांचा काफिला त्याच रस्त्याने परतणार होता. तो गेल्याशिवाय चावी नाही.

परत लावला. परत. मग त्यांनी उचलणंच बंद केलं.

अरविंदने विटेचा तुकडा उचलला आणि कुलपावर घातला. घालत राहिला. वीट फुटली. दुसरी घेतली. त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं. कुलूप जसंच्या तसं. ड्रायव्हर म्हणाला भिंतीवरून द्या. भिंतीवर काचा!

फूलवतीला दुसरा झटका आला. मी म्हटलं, आता नाही थांबायचं. भाजीवाल्याचा लोडिंग ऑटो आणला आणि नाल्याकडून निघालो. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं. एम. पी. नगरला ट्रॅफिक अडकलेला. कोचिंगची पोरं पाठीवर बॅगा घेऊन हसतखेळत रस्ता ओलांडत होती. एकदा तिने डोळे उघडले. म्हणाली, "दीदी, चूल्हा बुझा दिया न?"

बुझा दिया, म्हटलं. मला माहीत नव्हतं.

ऑपरेशन करून मूल काढलं. ती संध्याकाळीच गेली. हरिराम त्यानंतर आला. कारखान्यात आत जाताना मोबाईल गेटवर जमा करून घेतात. पाळी सुटल्यावर हातात मिळाला, तेव्हा कळलं.

८ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रात बोलावलं. आई दगावली की चौकशी होतेच. मेडिकल ऑफिसर मॅडम चांगल्या आहेत, पण आज त्या वरच्यांना घाबरलेल्या. पहिला प्रश्न: "तुम्हें मालूम था हाई रिस्क है, तो भर्ती क्यों नहीं रखवाया?"

कसं ठेवायचं? बांधून? दोन मुली होत्या तिच्या. खाटा नव्हत्या. मशीनचा पट्टा फाटलेला. सगळं सांगितलं. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सुहासिनी, सीधी बात करो. गार्ड ने गेट नहीं खोला, यही लिखवा दो. हमारे विभाग पर बात नहीं आएगी. तुम भी बच जाओगी."

म्हटलं, "मैडम, वो गार्ड मेरे पति हैं."

त्यांना माहीत नव्हतं. हातातलं पेन खाली ठेवलं.

१० फेब्रुवारी

अरविंदने जेवणाआधी खिशातून टाईप केलेला कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला. ठेकेदाराने दिलेला. सही करायची. कागदात लिहिलंय — आशाने गार्डला इमर्जन्सीची काहीही सूचना दिली नाही. म्हणजे चूक माझी.

तिकडे मला सांगतात त्याचं नाव घे. इकडे त्याला सांगतात माझं घे. काय हुशार आहेत!

सासूबाईंनी विचारलं काय आहे. अरविंदने वाचून दाखवलं. बराच वेळ त्यांचा हात भातात तसाच. मग म्हणाल्या, "सुहास, राग मानू नको बाई. त्याची नोकरी गेली तर घर कसं चालायचं? तुझं तर मानधन. नोकरी कुठे आहे ती? तू घे अंगावर."

मी उठून भांडी घासायला लागले. वाईट वाटलं असं नाही. त्यांचं बरोबरच होतं, म्हणून जास्त लागलं. आम्ही नोकरीत नाहीच. कार्यकर्त्या! सन्मानाने काम करणाऱ्या. चूक झाली की मात्र लगेच नोकरदार.

कागद फ्रिजवर पडलाय. कोणी हात लावत नाही.

११ फेब्रुवारी

तो काही म्हणत नाही. मीही विचारत नाही. चहाचा कप देताना हातसुद्धा लागू देत नाही आम्ही एकमेकांचा.

१४ फेब्रुवारी

आज सुनावणी झाली. टाऊनशिपच्या गेस्ट हाऊसमध्ये. शहरातून आरोग्य खात्याचे मोठे अधिकारी, आमच्या मॅडम, चौहान साहेब, ठेकेदाराचा माणूस. कोपऱ्यात हरिराम, डोकं मुंडलेलं. मी आणि अरविंद वेगवेगळे गेलो. तो ड्यूटीवरून, मी वस्तीतून. शेजारी खुर्ची होती तरी बसलो नाही.

आधी मला विचारलं. "गार्ड ने गेट क्यों नहीं खोला?"

मी उभी राहिले. "चाबी उसके पास थी ही नहीं, सर. कंट्रोल रूम में थी."

"तुम्हें कैसे मालूम?"

"चाबी होती तो वो ईंट से ताला क्यों तोड़ता?"

चौहान साहेब म्हणाले, मैडम भावुक हो रही हैं. अधिकारी म्हणाले ठीक है, बैठिए. मग अरविंदची पाळी. ठेकेदाराच्या माणसाने त्याच मजकुराचा दुसरा कागद पुढे सरकवला. "इस पर दस्तखत करके दे दो, अरविंद. बस."

अरविंदच्या बोटांना अजून पट्टी होती. कागद घेतला, वाचला. घरी वाचून दाखवलेला, तरी परत वाचला. मला खरंच माहीत नव्हतं तो काय करणार. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं!

कागद खाली ठेवला. "ये झूठ है, साहब. मेरी पत्नी ने बताया था. एम्बुलेंस सामने खड़ी थी, बताने की भी क्या ज़रूरत थी. मैंने फोन किए. आपने कहा, काफिला निकल जाने दो." आणि सरळ चौहान साहेबांकडे बघितलं.

वरचा पंखा उगाच फिरत होता, थंडीतसुद्धा.

शेवटी अधिकाऱ्यांनी हरिरामला विचारलं, "आपको किसी से शिकायत है?"

हरिराम जमिनीकडे बघत म्हणाला, "मैं तो अंदर था, साहब." मग थोड्या वेळाने, "शिकायत किससे करूँ?"

घरी परतताना आम्ही दोघं एकत्र चाललो. क्वार्टरांमधून, मामंजींच्या जुन्या क्वार्टरवरून. दाराला लाकडी फळ्या ठोकलेल्या. तो तिथे थांबला नाही, मीही नाही. गेटपाशी आल्यावर त्याने माझा हात धरला. भर रस्त्यात! लग्नानंतर पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी

ठेकेदाराचा फोन. उद्यापासून येऊ नको. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलंस — कुलूप! सासूबाई देवापुढे बसून आहेत. मला बोलल्या नाहीत, त्यालाही नाही. रात्रीच्या जेवणात त्यांनी शिरा केला. का ते विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

चौकशीचा निकाल आला म्हणे. वाचायला दिला नाही, मॅडमनी तोंडी सांगितलं. मला ताकीद. आणि सगळ्या आशांना पुन्हा प्रशिक्षण. गेटबद्दल? "वो हमारे विभाग का विषय नहीं है." मॅडमना सांगताना लाज वाटत होती, दिसत होतं. उठताना टेबलाखालून एक खोका काढून दिला. बीपीचं नवं मशीन! फूलवती गेल्यावर आलं.

घरी आणून उघडलं. अरविंदने दंड पुढे केला. बघ म्हणाला. माझ्याने पंप दाबवेना.

२३ फेब्रुवारी

प्रशिक्षण झालं. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या जणी सतरंजीवर. बाहेरून आलेला मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. सूज, डोकेदुखी, अंधारी. वाईट नव्हता, त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणाला, "गर्भवती को झटके आएँ तो सबसे पहले क्या करेंगे?" आणि नेमकं माझ्याकडे बोट!

मी उभी राहिले. म्हटलं, "करवट पर लिटाएँगे. एम्बुलेंस बुलाएँगे."

"बहुत बढ़िया! फिर?"

नसरीन बाजींनी माझा पदर ओढून खाली बसवलं. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बेटा, आगे का आप बताओ. एम्बुलेंस आ गई और दरवाज़ा बंद है. अब क्या करें?"

त्याने पडद्यावरचं पुढचं चित्र लावलं.

२७ फेब्रुवारी

फूलवतीची मुलगी वजनात भरतेय. अजून नाव ठेवलेलं नाही. गावाहून हरिरामची आई आलीय, वाटी-चमच्याने दूध पाजते, डोळ्याने कमी दिसतं तिला. मी घरभेटीला जाते, लंगोट, दूध, नाळ सगळं बघते. मोठ्या दोघी दाराशी उभ्या राहून मला बघतात. एकीने विचारलं, "अम्मा को आप ही ले गई थीं न?" हो म्हटलं. आणखी काय म्हणणार.

हरिराम कामावर जात नाही. "अंदर फोन नहीं ले जाने देते, दीदी. फिर कुछ हो गया तो?" त्याचं खरंय. पण बिनकामाचं किती दिवस? अरविंद मधून मधून त्याच्याकडे जाऊन बसतो. दोघं काय बोलतात कोण जाणे. बहुतेक काहीच नाही.

अरविंद रोज सकाळी निघतो. अरेरा कॉलनीत बंगल्यांवर विचारलं, एम. पी. नगरला एका कोचिंगमध्ये विचारलं. तिथे म्हणतात आधीच्या जागेचं पत्र आणा.

१ मार्च

वस्तीत आणखी एक बाई दिवसांत आहे. नव्या मशीनने बीपी बघितलं. नॉर्मल. घरी येऊन दार लावून रडले.

६ मार्च

पाच नंबर गेटवर नवा गार्ड. हरिराम.

अरविंदचीच खुर्ची. टोपी कपाळावर येतेय. शेजारी सुपरवायझर उभा होता म्हणून मला म्हणाला, "पास, दीदी." मी आशाच्या कामाचा पास दाखवला. त्याने बघितला, माझ्याकडे नाही.

घरी सांगायचं कसं, या विचारात दिवस गेला. शेवटी संध्याकाळी सांगितलं. अरविंद बूट पुसत होता. म्हणाला, "मीच सांगितलं त्याला, घे म्हणून. फोन जवळ राहतो, आणि त्याचं घर समोरच दिसतं तिथून."